गावाच्या नावाचा संक्षेप

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी कॉलेजात प्रवेशाचे अर्ज तपासण्याचे काम आम्हा अध्यापकांच्या वाट्यास येते. काम कंटाळवाणे खरे. परंतु गावांच्या नावांचा ज्यास थोडाबहुत नाद आहे त्याची त्यात चांगली करमणूक होते. मागे एका विद्यार्थ्याच्या अर्जात तालुक्याच्या रकान्यात 'राजगड' असे लिहून पुढे कंसात 'वेल्हे' असे लिहिलेले आढळले. तो समोरच उभा होता, म्हणून सहज विचारले, "तू कुठला रे?"

"वेल्ह्याचा, सर."

"खुद्द वेल्ह्याचा?"

"नाही सर, विंझरचा."

"म्हणजे घर विंझर गावात?"

तो किंचित लाजून म्हणाला, "गावात नाही सर, वाडीत."

"आणि मुंबईस गेलास म्हणजे काय सांगतोस?"

"पुण्याचा."

चार प्रश्न, चार उत्तरे, आणि चारही खरी! विचारणारा जसजसा दूर जाईल तसतसे उत्तर मोठे होत जाते. तो जवळ येईल तसतसे ते लहान होत होत अखेरीस एका वाडीवर येऊन थांबते. विशेष हे की, त्या शेवटच्या मुक्कामी पोहोचल्यावर वाडीला नावच उरत नाही. ती नुसती 'वाडी' असते. तिचे काही नाव असेलच, आणि ते सरकारी कागदांत असेल. पण ज्याचे घर तिथे आहे त्यास त्याचा उच्चार करण्याची गरज वाटत नाही.

गावाचे नाव जवळचा माणूस एका रीतीने तोडतो व परका माणूस दुसऱ्या रीतीने तोडतो. या दोन तोडींत काय भेद आहे आणि त्यांपैकी कोणत्या तोडीने नावाचे नुकसान होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भोर व वेल्हे हा मुलूख त्यासाठी मुद्दाम निवडला आहे. कारण नावे देणे, नावे बदलणे आणि बदललेली नावे विसरणे हे उद्योग या डोंगरांत जितके झाले तितके महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

आरंभ मात्र एका मोठ्या शहरापासून करणे सोयीचे आहे. १३ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एकाच बैठकीत दोन नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अहमदनगरचे 'अहिल्यानगर' व्हावयाचे, आणि वेल्हे तालुक्याचे 'राजगड'. वर्तमानपत्रांत पहिल्या बातमीचा गाजावाजा अधिक झाला, आणि ते स्वाभाविकच होते. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते शहर वसवून त्यास आपले नाव दिले, आणि पाचशेहून अधिक वर्षे ते नाव कागदावर चालले. पण जिभेवर कोणते होते? ज्यांचे तेथे घर आहे, सोयरीक आहे, निदान व्यापार आहे, असा कोणताही मराठी मनुष्य 'अहमदनगरास चाललो' असे म्हणत नसे. तो 'नगरला चाललो' म्हणे. तेथील रहिवासी तो नगरकर. १९४२ साली पंडित नेहरू प्रभृती पुढाऱ्यांना जेथे स्थानबद्ध करून ठेवले तोही आपल्या बोलण्यात 'नगरचा किल्ला'च. आता 'अहमद' गेला आणि 'अहिल्या' आली. वाद झाला तो नावाच्या पूर्वार्धाचा, आणि लोकांच्या बोलण्यात तो पूर्वार्ध कधी नव्हताच! उत्तरार्ध जसाच्या तसा राहिला. त्यामुळे नगरच्या माणसाला आपल्या बोलण्यात एका अक्षराचाही फेर करावा लागला नाही.

यातून स्थानिक संक्षेपाचा पहिला नियम दिसून येतो. जवळचा मनुष्य नावातील विशेषनाम गाळतो व सामान्यनाम ठेवतो. नगरे जगात हजारो आहेत. पण नगरकराच्या जगात नगर एकच. कोल्हापूर-सांगलीकडे 'वाडीला जाऊन आलो' असे कोणी म्हटले म्हणजे दत्तभक्तास नरसोबाची वाडी समजते. दक्षिण कोकणात तोच शब्द उच्चारला म्हणजे सावंतवाडी होते. कोणीही 'कोणती वाडी?' म्हणून विचारीत नाही. आणि जो विचारील तो परका, हे त्याच्या विचारण्यावरूनच कळते.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. कॉन्स्टँटिनोपल या बादशाही नावाच्या शहराला तेथील ग्रीक प्रजा नुसती 'पोलिस', म्हणजे नगरी, म्हणत असे. आणि 'नगरीकडे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दप्रयोगावरून 'इस्तंबूल' हे नाव झाले, असे बहुतेक विद्वान मानतात. सम्राटाचे नाव गळाले आणि आमच्या 'नगर'चा सख्खा भाऊ जगाच्या नकाशावर कायम झाला. अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को शहराचे व त्याच्या आसपासचे लोक त्यास नुसते 'सिटी' म्हणतात. परगावचा पाहुणा सलगी दाखविण्यासाठी 'फ्रिस्को' म्हणतो, आणि जुन्या रहिवाशांच्या कपाळास आठ्या पडतात. दोघेही नाव आखूडच करतात. मग एकाचा राग का यावा? पाहुण्याने नावाचा तुकडा तोडला, पण तो तेथे राहून नव्हे. सलगीचा शब्द सलगी नसताना वापरला म्हणजे तो खुपतो. आपल्या घरातील 'बाळ्या' हे हाकेचे नाव शेजाऱ्याने चारचौघांत उच्चारले तर जसे वाटते तसेच हे.

तथापि वरील नियम जसाच्या तसा घेतला तर तो पुण्यातच अडखळतो. जुना पुणेकर 'शनवारात राहतो', 'बुधवारात दुकान आहे' असे बोलतो. येथे 'पेठ' हे सामान्यनाम गळाले आणि विशेषनाम राहिले. कारण उघड आहे. पेठा अनेक, आणि त्या एकमेकींस लागून. तेव्हा नुसते 'पेठेत राहतो' म्हटल्याने कोणासच बोध व्हावयाचा नाही. उलट, कोथरूडचा रहिवासी त्या साऱ्या पेठा मिळून जो भाग होतो त्यास 'गाव' म्हणतो आणि लक्ष्मी रस्त्यावर खरेदीस निघाला म्हणजे 'गावात जाऊन येतो' असे सांगतो. लक्षावधी वस्तीचे शहर, पण त्यातील एक तुकडा अजून 'गाव' आहे! तेव्हा नियम सुधारून असा मांडावा लागेल की, जे ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक आहे ते जवळचा मनुष्य गाळतो, मग तो नावाचा कोणताही भाग असो. म्हणजे स्थानिक संक्षेप हा बोलणारा व ऐकणारा यांच्यामधील एक अलिखित करार असतो. नावाचा जो भाग उच्चारला जात नाही तो नाहीसा झालेला नसतो. तो दोघांच्याही मनात असतो.

आता मावळात येऊ. भोर आणि पुणे ही दोन्ही नावे दोन-दोन अक्षरांची. त्यांत तोडावयास काही शिल्लकच नाही. पुण्याची तोड काळानेच करून ठेवली आहे. आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' व 'पूनकविषय' अशी रूपे येतात. त्यांची झिजत झिजत आजची दोन अक्षरे झाली. इंग्रजांनी त्यांची 'पूना' केली आणि १९७८ साली 'पुणे' हे रूप इंग्रजीतही अधिकृत झाले. 'भोर' तर त्याहूनही आटोपशीर. पण या आखूड नावांच्या भोवती जे डोंगर उभे आहेत त्यांच्या नावांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे गाव आहे. तेथील मनुष्य 'गडावर चाललो' म्हणतो तेव्हा तो राजगडास जात असतो. तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे आहे. तेथील मनुष्य तेच वाक्य उच्चारतो तेव्हा त्याचा गड तोरणा असतो. भोरजवळ बाजारवाडीत तेच वाक्य कानी पडले तर गड म्हणजे रोहिडा. तीन गावे, एकच शब्द, तीन किल्ले. आणि तिन्ही ठिकाणी गैरसमज होण्याचा यत्किंचितही संभव नाही. डोके वर केले की गड समोरच दिसतो.

या तीन गडांना नावे थोडी का मिळाली! मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजीमहाराजांनी किल्ला बांधून त्यास राजगड म्हटले. तोरणा घेतला आणि त्याचा विस्तार पाहून त्यास प्रचंडगड हे नाव दिले. रोहिड्यास विचित्रगड असे नाव मिळाले. पुढे १७०४ साली औरंगजेबाने राजगड व तोरणा हे दोन्ही घेतले आणि राजगडाचे 'नबीशाहगड' व तोरण्याचे 'फुतूहुल्गैब' असे नामकरण केले. म्हणजे एका गडास एका बादशहाचे एक व एका छत्रपतीचे एक, अशी दोन नावे लाभली. शिवाय मूळचे होतेच. यांतील कोणते टिकले? बादशहाची दोन्ही नावे आज इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कोणास ठाऊक नाहीत. किल्ले परत मराठ्यांकडे आले आणि ती नावे जेथून आली तेथे गेली. यात नवल नाही. नवल यात आहे की, ज्या महाराजांच्या नुसत्या नावाने या मुलुखातील माणूस हात जोडतो त्यांनी दिलेली नावेही सारखीच टिकली नाहीत. राजगड इतका टिकला की मुरुंबदेव हे नाव आता अभ्यासकांनाच आठवते. पण प्रचंडगडाचा तोरणाच राहिला आणि विचित्रगडाचा रोहिडा.

यास भक्तीची उणीव कारण नाही. कारण वापरात आहे. मुरुंबदेव हा एक डोंगर होता. मोठा किल्ला म्हणून त्याचे आयुष्य महाराजांपासूनच सुरू झाले, आणि ते केवढे! सुमारे पाव शतक तो राज्याची राजधानी होता. सईबाईंचा अंत १६५९ साली तेथेच झाला, आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली तेथेच परतले, राजाराम महाराजांचा जन्म १६७० साली तेथेच झाला. ज्या नावाने रोज हुकूम सुटतात, वार्ता येतात, माणसे जन्मतात व मरतात, ते नाव लोकांच्या तोंडी बसणारच. तोरणा मात्र महाराजांच्या आधीच नांदता किल्ला होता. भोवतालच्या खोऱ्यांना त्याचे नाव पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. रोहिड्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या नावावरून अवघ्या खोऱ्यास 'रोहिडखोरे' म्हणत. किल्ल्याचे नाव बदलले तरी खोऱ्याचे नाव बदलले नाही, आणि खोऱ्याने किल्ल्याचे जुने नाव धरून ठेवले. नाव देणाऱ्याची थोरवी नावास जन्म देण्यास पुरते. जगविण्यास तोंडांचा वापर लागतो.

ही नवी नावे कागदांत मात्र सुखरूप राहिली, आणि ती सांभाळणारे होते भोरचे संस्थान. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले. त्यांच्या वंशाकडे भोरचे राज्य चालत आले. संक्षेपाची गंमत त्यांच्या घराण्यातही आहे. घराण्याचे मूळ आडनाव गांडेकर. पण अष्टप्रधानांतील हुद्दा हाच आडनाव होऊन बसला आणि ते 'पंतसचिव' झाले. सचिव हे अधिकाराचे सामान्यनाम. भोरमध्ये मात्र पंतसचिव एकच! नगर, वाडी, गड, तसेच हे. त्या संस्थानाचे पाच तालुके होते आणि त्यांची नावे अशी: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड. म्हणजे जी नावे लोकांच्या तोंडून उतरली होती ती संस्थानी दप्तरात मोठ्या दिमाखाने नांदत होती. भोरचा मनुष्य दप्तरात विचित्रगड तालुक्याचा रहिवासी असे आणि संध्याकाळी घरी परतताना रोहिड्याकडे पाहून पावसाचा अंदाज करी. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि हे तालुकेही मोडले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. वेल्हे तालुक्याचे 'राजगड' झाले हे नवे नामकरण नव्हे. राजगड या नावाचा तालुका या मुलुखात पूर्वी होता. अर्थात तेव्हाच्या व आताच्या सीमा एक नव्हेत, आणि एक मौजेची विसंगतीही आहे. संस्थानाने राजगडाच्या नावाचा एक तालुका केला होता व तोरण्याच्या नावाचा दुसरा. आताच्या तालुक्याचे नाव राजगड. पण त्याचे मुख्य ठिकाण वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याशी! कचेरीच्या पायरीवर उभा राहून 'गडावर चाललो' म्हणणारा वेल्हेकर ज्या गडावर जाईल तो त्याच्या तालुक्याच्या नावातला गड नव्हे. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. कागदातील नाव व जिभेवरचे नाव यांची वाट कशी वेगळी असते याचा हा ताजा दाखला आहे, इतकेच.

पुढे काय होईल याचे भाकीत करावयाचे तर त्यासही भोर संस्थानातच आधार सापडतो. त्याच्या पाच तालुक्यांपैकी सुधागड हा तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात गेला व किल्ल्याचेच नाव धरून आजही तालुका म्हणून चालू आहे. त्याचे मुख्य ठिकाण बल्लाळेश्वराची पाली. त्या बाजूचा मनुष्य बाजारास, कचेरीस, देवदर्शनास 'पालीला' जातो. सुधागड हे नाव सातबाऱ्यावर व अर्जावर असते. लोकांनी दोन्ही जोडून 'पाली-सुधागड' असेही करून घेतले आहे. एका नावाने दुसऱ्यास खाल्ले नाही. वेल्ह्याचेही असेच होईल असे मानावयास जागा आहे. आणि आमच्या विद्यार्थ्याने कंसात जे लिहिले त्याची रीतही हीच होती.

आता दुसऱ्या तोडीकडे, म्हणजे परक्याच्या संक्षेपाकडे, वळू. हा परका म्हणजे शत्रूच असे नव्हे. बहुधा तो कामात असलेला मनुष्य असतो. त्याच्यापुढे एक यादी असते आणि यादीत जागा थोडी असते.

यांतील सर्वांत जुना म्हणजे दप्तरातील कारकून. एका नावाची दोन गावे झाली म्हणजे मोठ्यास फारशी 'बुजुर्ग' शब्दावरून बुद्रुक व धाकट्यास खुर्द म्हणावयाचे, ही चाल सर्वश्रुत आहे. भोर तालुक्यात हातवे बुद्रुक व हातवे खुर्द आहेत. वेल्हेही पूर्ण नावाने वेल्हे बुद्रुकच. कारकुनाने यांचे 'बु॥' व 'खु॥' केले. दोन उभ्या रेघा म्हणजे येथे काही गाळले आहे याची खूण. तो संक्षेप प्रामाणिक होता, कारण वाचणाऱ्यास पूर्ण शब्द ठाऊक होता. पुढे हीच नावे रोमन लिपीत गेली आणि बुद्रुकची दोन इंग्रजी अक्षरे झाली. आज पुण्याच्या दक्षिणेस नव्या इमारतींत राहावयास आलेली मंडळी आपला पत्ता 'आंबेगाव बी. के.' असा सांगताना ऐकू येतात. त्यांतील कित्येकांस बी. के. हे कोणा गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे वाटत असल्यास आश्चर्य नाही. थोरला व धाकटा या दोन गावांमधील नाते त्या दोन अक्षरांत बुडाले. करारातील एक पक्ष बदलला, आणि गाळलेला शब्द आता कोणाच्याच मनात उरला नाही.

दुसरा परका म्हणजे नकाशा काढणारा इंग्रज. खंडाळ्याजवळचा आमचा बोरघाट त्याच्या लेखनात 'भोर घाट' झाला, आणि १८६३ साली त्या घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर ते रूप साऱ्या जगात पसरले. ते वाचून कोणी भोरला येऊन तो प्रसिद्ध रेल्वेघाट शोधू लागेल तर त्याची फजितीच व्हावयाची. भोरहून कोकणात उतरणारा घाट वरंध्याचा. तो महाडास जातो, आणि त्यात आगगाडी नाही. 'ब'चा 'भ' केल्याने केवढा डोंगर जागचा हलला!

तिसरा परका आमच्याच शहरातील आहे, आणि तो या मुलुखावर मनापासून प्रेम करतो. शनिवारी-रविवारी पाठीस पिशवी लावून निघणारी तरुण मंडळी कात्रजहून सिंहगडापर्यंतच्या रात्रीच्या वाटेस 'के टू एस' म्हणतात. सिंहगड, राजगड, तोरणा या तीन गडांवरून धावण्याची जी शर्यत होते तिचे नाव 'एस. आर. टी.' असे आहे. या मंडळींचे पाय आमच्या पायांपेक्षा बळकट आहेत, आणि गडाची वाट त्यांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. त्यांच्या आपापसांतील बोलण्यात तो करारच आहे, हेही खरे. पण गुंजवण्याच्या माणसाचा 'गड' आणि त्यांचे 'आर' हे शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही एकाच राजगडाची लघुरूपे. पण 'गड' या शब्दात डोंगर अजून उभा आहे, आणि 'आर' या अक्षरात काहीच उभे नाही. स्थानिक माणूस नाव तोडतो तेव्हा जो तुकडा हातात ठेवतो त्यास अर्थ असतो. आद्याक्षरास अर्थ नसतो, त्यास केवळ जागा कमी लागते.

चौथा प्रकार याहून निराळा व अधिक विचार करावयास लावणारा आहे. भोरजवळ वेळवंडी नदीवर इंग्रजांनी धरण बांधले. पहिल्या धरणाच्या जलाशयास एका साहेबाच्या नावाने 'लेक व्हाइटिंग' म्हटले. नंतर १९२८ साली पुरे झालेल्या नव्या धरणास मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव मिळाले. आता त्या जलाशयास याच मुलुखातील भुतोंड्याचे वीर येसाजी कंक यांचे नाव आहे. साहेबांची नावे जाऊन घरच्या वीराचे नाव आले हे उचितच झाले. पण बोलण्यात ते पहिल्यापासून आजपर्यंत 'भाटघर'च आहे. वेल्ह्याच्या बाजूस वरसगावच्या जलाशयास वीर बाजी पासलकरांचे व पानशेतच्या जलाशयास तानाजींचे नाव दिलेले आहे. तरीही लोक वरसगाव आणि पानशेतच म्हणतात. येथे स्थानिकाने व परक्याने मिळून एकच तोड केली: धरणाचे मोठे नाव सोडले आणि लहान गावाचे ठेवले.

पण त्या गावांचे काय झाले? आंबी व मोसे या नद्यांच्या खोऱ्यांतील कित्येक घरे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. जे नाव पूर्वी माणसांच्या वस्तीचे होते ते पाण्याचे झाले. आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले तेव्हापासून पुण्यात त्या नावास आणखी एक अर्थ आला. जुने पुणेकर 'पानशेतच्या आधी', 'पानशेतनंतर' असे बोलतात. त्यांच्या लेखी पानशेत हे स्थळ नसून एक वर्ष आहे, एक आपत्ती आहे. वाडे पडले, संसार वाहून गेले, त्या साऱ्याचा संक्षेप या चार अक्षरांत झाला. पुणेकरांच्या दुःखास नाव लागतच होते, ते त्यांनी घेतले. पण ज्यांची शेते त्या पाण्यासाठी आधीच गेली होती त्यांचे पानशेत वेगळे होते. आणि तो अर्थ शहराच्या बोलण्यात कधी आलाच नाही. परक्याच्या संक्षेपाने नावाचे खरे नुकसान होते ते येथे. अक्षर एकही कमी झाले नाही. माणसे मात्र त्यातून गळाली.

हल्ली नावे देताना ती लांब व आदरयुक्त असावीत असा आपला कल आहे. आदर हवाच, पण लांबीने आदर वाढतो हा समज तपासून पाहिला पाहिजे. मुंबईतील आगगाडीच्या मोठ्या स्टेशनास इंग्रजांनी आपल्या राणीचे नाव दिले, आणि ते रोजच्या बोलण्यात 'व्ही. टी.' झाले. राणी त्या दोन अक्षरांत कधीच बुडाली होती! जुनी मराठी माणसे त्यास 'बोरीबंदर'च म्हणत राहिली. १९९६ साली स्टेशनास शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले, आणि ते 'सी. एस. टी.' झाले. २०१७ साली त्या नावात 'महाराज' हा आदराचा शब्द घालण्यात आला. त्याचा परिणाम एवढाच की तीन अक्षरांची चार होऊन 'सी. एस. एम. टी.' झाले. जे नाव पुनःपुन्हा उच्चारले जावे म्हणून दिले तेच उच्चारले जाईनासे झाले. यात उच्चारणाऱ्याचा अनादर नाही. गाडी पकडावयाच्या घाईत जीभ आपली वाट काढते. दोष असलाच तर जिभेचे बळ न पाहता तिच्यावर ओझे घालणाऱ्यांचा आहे.

या दृष्टीने पाहता 'राजगड' हे नाव भाग्याचे म्हटले पाहिजे. ते चार अक्षरांचे आहे, अर्थपूर्ण आहे, आणि कोणत्याही घाईत पूर्ण उच्चारता येते. त्याची आद्याक्षरे करण्याचा मोह शर्यतीत धावणाऱ्यास होईल, शेतकऱ्यास होणार नाही. फक्त एवढेच व्हावे की, नवे नाव कागदात येताना जुने तेथून पुसले जाऊ नये. वेल्हे हे गावाचे नाव आहे आणि ते गावाचे राहावे. तोरण्याच्या पायथ्याच्या माणसाने 'गड' म्हटले तर तो तोरणाच आहे हे कचेरीतील अधिकाऱ्यास कळावे. यासाठी नवा कायदा नको. ऐकणाऱ्याने थोडे जवळ येऊन उभे राहिले म्हणजे पुरे.

कारण, अखेरीस, आपण गावाचे नाव किती आखूड करू शकतो हे आपण त्या गावाच्या किती जवळ आहो यावर ठरते. ते जवळ असणे आधी कमवावे लागते. त्या मुलाने मला आपली वाडी नुसती 'वाडी' म्हणून सांगितली तेव्हा त्याने मला क्षणभर आपल्या गावचा समजून घेतले होते. तिचे पूर्ण नाव काय, हे मी त्यास विचारले नाही. अर्ज परत देताना त्याच्या कंसावर माझी लाल रेघ ओढावयाची राहून गेली, आणि ते बरेच झाले.